चहातली साखर सोडली, तरी आकडा हलेना (टाइप २ मधुमेह, ताट आणि चाल)

दुसरी_घंटा (धागाकर्ता):
दीड वर्षापूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर ११८ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.३ आली. रिपोर्टात आकड्यापुढे एक बारीक तारा छापला होता, बाकी काही नाही. मी कागदाची घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर बंद केली. केवढा त्याग केला असं वाटलं, चार लोकांना सांगूनही झालं. आठ महिन्यांनी उपाशीपोटी १३१, एचबीए१सी ६.८.

आकडे ज्यांना नवे आहेत त्यांच्यासाठी: उपाशीपोटी १०० च्या आत आणि एचबीए१सी ५.७ च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५, किंवा ५.७ ते ६.४, म्हणजे उंबरठा (प्रीडायबेटिस). १२६ किंवा ६.५ पासून पुढे मधुमेह. एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्याने खात्री करतात. माझे दोन्ही उंबरठा ओलांडून गेले होते, त्यामुळे हुज्जत घालायला जागाच उरली नाही.

मग हिशोबाला बसलो. चमचाभर साखर सुमारे ५ ग्रॅम, तीन कपांची १५. रात्रीचा भात वजनकाट्यावर ठेवला तर शिजलेला ३५० ग्रॅम भरला. शिजलेल्या भातात शंभराला साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे जवळपास शंभर ग्रॅमचा मामला. तेही रात्री साडेदहाला, आणि जेवलं की आडवा. दाराला कडी लावून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या मी.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने बघू, नाहीतर गोळी. ग्लुकोमीटर घेतला आणि दोन आठवडे प्रत्येक जेवणाआधी आणि जेवल्यावर दोन तासांनी मोजत बसलो. वहीत बाकी काही नाही, फक्त काय खाल्लं आणि आकडा. सगळ्यात वाईट निघाला नाश्ता: ब्रेड, ग्लासभर फळांचा रस, आणि डब्यावर ‘साखरविरहित’ लिहिलेली बिस्किटं. हे सगळं मी तब्येतीसाठी म्हणून खात होतो! मैद्याचं पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

आता काय करतो ते थोडक्यात. अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळ, अंडी किंवा मासे, उरलेल्या पावात भात. आधी भाजी, मग डाळ किंवा अंडं, भात शेवटी. रात्रीचं जेवण आठच्या आत. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं, पावसात घरातल्या घरात. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं (पाण्याच्या बाटल्या). नऊ महिन्यांत ७९ किलोचा ७२ झालो, एचबीए१सी ५.९, अजून गोळी नाही.

तुम्ही काय करता, काय जमलं, काय फसलं, लिहा. ‘अमुक पानाचा रस प्या’ हे कृपया नको.

उंबरा:
वाचनखूण साठवली. एक प्रश्न. भात शेवटी खाल्ल्याने खरंच फरक पडतो की मनाचे खेळ?

दुसरी_घंटा:
माझ्या वहीत पडतो. तेवढाच भात, तेवढीच भाजी. भातापासून सुरुवात केली त्या दिवशी दोन तासांनी १९४, शेवटी खाल्ला त्या दिवशी १६१. पण हा एका माणसाचा दोन दिवसांचा प्रयोग, त्याचं काय ते वजन करा.

नळीवाली:
मी प्रयोगशाळेत आहे, रोज रक्त काढते, म्हणून थोडं आगाऊपणे बोलते. क्रमावर छोटे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचा कौल असाच आहे. कारणही सरळ आहे. तंतू, प्रथिनं आणि स्निग्ध आधी पोटात गेलं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, मागून आलेला भात आतड्यात हळूहळू उतरतो. पण हे मलम आहे. ३५० ग्रॅम भात शेवटी खाल्ला तरी तो ३५० ग्रॅमच.

जेवल्यावर चालण्याचं मात्र मी सगळ्यांना सांगते. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. टाइप २ मध्ये इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत, हीच तर रड आहे. चालताना तुम्ही त्या बंद दाराच्या शेजारचं दुसरं दार उघडता.

आणि रस! अख्खं फळ खा, रस नको. रसात तंतू जातात, ग्लासभर रसाला तीन-चार फळं लागतात, आणि तो घटाघटा संपतो. मध आणि ब्राउन शुगर यांनाही साखरच समजा, रंग बघून यकृत फसत नाही.

शंकासुर:
मी ६१ किलोचा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२. बापजन्मात कोणी मला जाडा म्हटलं नाही. एचबीए१सी ७.१. ‘वजन कमी करा’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, कमी काय करू, हाडं?

नळीवाली:
रागावू नका, तुमचा प्रश्न जुना आणि अगदी खरा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचा एक फोटो छापला होता, चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच सांगतो, आतलं सामान वेगळं. म्हणूनच आशियाई वंशाच्या लोकांसाठी धोक्याची रेघ बीएमआय २३ च्या आसपास धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८०. टेप घ्या, श्वास न ओढता मोजा. ओढून मोजणारे मी रोज बघते.

न्यूकॅसलचे मधुमेह-संशोधक रॉय टेलर यांचं म्हणणं असं की प्रत्येकाची चरबी साठवायची कोठी वेगळ्या मापाची असते. ती भरली की उरलेली चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात जाऊन बसते, आणि तिथून बिघाड सुरू होतो. तुमची कोठी लहान असेल, तर दोन-तीन किलोनेही फरक पडू शकतो. सोबत स्नायू वाढवा. साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा तीच.

एक मात्र डॉक्टरांना विचाराच. बारीक माणसात, विशेषतः वजन आपोआप उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर हा टाइप २ च आहे ना, हे अँटीबॉडीची तपासणी करून बघतात. मोठ्या वयात हळूहळू येणारा, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर शरीरानेच हल्ला करण्याचा प्रकारही असतो. त्याला भाजी-भाताच्या क्रमाने काही होत नाही.

शंकासुर:
कंबर ९४. श्वास न ओढता. गप्प बसतो.

पायवाट:
गप्प नका बसू हो, तुमच्यामुळे आम्हालाही टेप आणावी लागली 😀

कोरा_कागद:
धागा छान, पण ‘गोळी नाही’ हे पदकासारखं मिरवू नका. माझे सासरे असंच मिरवत होते, डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव दाखवेपर्यंत. निदान होतं तोपर्यंत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची कार्यक्षमता निम्म्याच्या आसपास उरलेली असते, हे ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात (यूकेपीडीएस) दिसलं होतं. ज्याला गोळी लागते त्याने ती घ्यावी, त्यात हार कसली? मेटफॉर्मिन (मधुमेहाची नेहमीची गोळी) बरीच वर्षं घेत असाल तर बी१२ मात्र तपासत राहा.

आणि फोनवर फिरणारं ते ‘मधुमेह मुळापासून बरा’! शब्द आहे रेमिशन: औषध थांबवल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या आत. रोग आवरला आहे, गेला नाही. वजन परत आलं की तोही परत येतो.

दुसरी_घंटा:
मान्य. मिरवलं थोडं. डोळ्यांची तपासणी मी अजून केलेली नाही, हेही कबूल करतो.

कोरा_कागद:
मग आधी तीच करा. डोळे, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडातून गळणारं प्रथिन), पायांची संवेदना, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. साखरेच्या नादात लोक रक्तदाब विसरतात, आणि मधुमेह्यांना शेवटी हृदयच जास्त गाठतं.

रेमिशनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते थोतांडही नाही. ‘डायरेक्ट’ नावाची ब्रिटनमधली चाचणी, निकाल २०१७ चे. ३०६ माणसं, सगळी निदानापासून सहा वर्षांच्या आतली, इन्सुलिनवर नसलेली. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचा द्रव आहार, मग हळूहळू साधं जेवण. वर्षाअखेर ४६ टक्के रेमिशनमध्ये, दुसऱ्या गटात ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी ते ४६ चे ३६ झाले. उतरलेलं वजन टिकवणं किती अवघड असतं, ते या दोन आकड्यांत दिसतं. आणि ८५० कॅलरी घरच्या घरी कुणी करू नये. त्या चाचणीत साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवल्या होत्या.

मीच_ती:
शेवटच्या वाक्यासाठी कोरा_कागद यांना शंभर वेळा +१. माझीच चूक सांगते.

आई ७१ वर्षांची, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. मी असाच एक धागा वाचून उत्साहाने तिचा भात एकदम निम्मा केला. डॉक्टरांना विचारलं नाही, चांगलंच करतोय त्यात विचारायचं काय! पाचव्या दिवशी दुपारी तीनला ती सोफ्यावर बसून टीव्हीचा रिमोट पदराने पुसत होती. पुसतच होती. ‘काय करतेस गं?’ म्हटलं तर माझ्याकडे बघून माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. कपाळ घामाने ओलं, हात गार. मला आधी अर्धांगाचा झटका वाटला. मीटर लावला, ५३.

चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून पाजली, कारण ती गिळू शकत होती. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णवाहिका. पंधरा मिनिटांनी ७९, मग थोडं खायला दिलं. अर्ध्या तासाने मलाच विचारते, ‘तू का रडतेयस?’

डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला आणि मला, योग्यच, झापलं. अशा गोळ्या स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन सोडायला लावतात, समोर जेवण असो नसो; टोचून घेतलेलं इन्सुलिनही जेवणाची वाट बघत नाही. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत असं सहसा होत नाही. ताट बदलण्याआधी गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. ७० च्या खाली आलं की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटांनी परत मोजायचं, हे आता आमच्या फ्रीजवर चिकटवलंय.

उंबरा:
बाप रे. आजच बाबांच्या गोळ्यांची नावं बघते.

झोपमोड:
कोणी झोपेबद्दल बोलत नाही म्हणून लिहितो. मी रातपाळीवाला. खाणं वर लिहिलंय तसंच, चालणं आहे, तरी पहाटे घरी आलो की १४०. वैताग.

नळीवाली:
झोप कमी पडली की पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, हे तरुण, निरोगी मुलांतही दिसलंय. १९९९ च्या एका अभ्यासात ११ तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांची साखर हाताळायची क्षमता ढासळली होती. शिवाय पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक चढतं, यकृत साखर सोडतं. काहीही न खाता सकाळचा आकडा वर दिसतो तो त्यामुळे. पाळी बदलणं तुमच्या हातात नसेल, तर पाळीच्या मधल्या काळात जड जेवण नको, मुख्य जेवण आधीच करून जा, आणि दिवसा झोपताना खोली काळोखी करा. घोरता का? घरच्यांना विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर त्याची तपासणी वेगळी असते.

झोपमोड:
घोरतो. बायको म्हणते, ट्रॅक्टर. आतापर्यंत विनोद समजत होतो.

पायवाट:
माझा जरा निराळा मुद्दा, मानसिक. घरात एकाला मधुमेह निघाला की बाकीचे सगळे हवालदार होतात. मी केकचा तुकडा उचलला की चार माना वळतात. ‘तुला चालतं का हे?’ अहो, चालतं! बोटभर तुकडा, जेवणानंतर, आणि मग जिने चढउतार. पण त्या नजरांमुळे मी लपून खायला लागले, आणि लपून खाल्लेलं नेहमी जास्त खाल्लं जातं. शेवटी सगळ्यांना बसवून सांगितलं, माझ्या ताटात बघायचं नाही, जेवून माझ्याबरोबर चालायला यायचं. मोठा मुलगा येतो. बाकीचे माझ्या ताटात बघायचे थांबलेत, एवढं तरी.

दुसरी_घंटा:
पायवाट, हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘मी कुठे बघते?’ आणि तेव्हाही बघत होती.

एक गंमत, अजून मोजणाऱ्यांसाठी. एकदा सकाळी आकडा आला २१२. घाम फुटला. मग लक्षात आलं, मिनिटभर आधी मुलीला संत्रं सोलून दिलं होतं आणि हात तसेच चिकट. साबणाने धुतले, पुसले, परत टोचलं: १२७. फळाची साखर बोटावर होती, रक्तात नव्हती. इतके दिवस कितीदा असं झालं असेल कोण जाणे.

नळीवाली:
रोजचं आहे. स्वच्छ हाताने मोजलं तरी मीटरला १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे मुभा असते, त्यामुळे १२७ आणि १३५ यांत भांडू नका. आठवड्याचा कल बघा. एचबीए१सी सुद्धा डोळे झाकून घेऊ नका. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. रक्तक्षय असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर तो चुकवतो.

उंबरा:
आम्हा भावंडांना अजून काही नाही, पण आई-बाबा दोघांनाही आहे. आम्ही चुकवू शकतो का, की लिहून ठेवलंय?

कोरा_कागद:
बऱ्यापैकी लांबवू शकता. अमेरिकेतल्या डीपीपी चाचणीत (२००२) उंबरठ्यावरचे ३२३४ लोक होते. सुमारे ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच उद्दिष्ट. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. चीनमधल्या दाचिंगमध्ये १९८६ साली ५७७ जणांवर असाच प्रयोग सुरू झाला, सहा वर्षं चालला. तीस वर्षांनी पाहिलं तर अनेकांना मधुमेह झालाच होता, पण सरासरी चार वर्षं उशिरा, आणि हृदयविकाराने जाणारे कमी होते. मला हा दुसरा निकाल जास्त प्रामाणिक वाटतो. चार वर्षं म्हणजे डोळ्यांची, मूत्रपिंडांची चार वर्षं.

सत्तर किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे पाच किलो. आठवडी १५० मिनिटं म्हणजे रोज अर्धा तास, दोन दिवस सुट्टी.

शंकासुर:
अँटीबॉडी निगेटिव्ह. म्हणजे टाइप २ च. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिली, ती घेतोय (मिरवत नाही). बाटल्या उचलायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी केस विंचरता येईनात.

दुसरी_घंटा:
चार महिन्यांनी धागा वर काढतोय. ताजा एचबीए१सी ६.१. हो, ५.९ वरून वर. गुडघा मुरगळला, सहा आठवडे चालणं बंद, वजन १.८ किलोने वाढलं. जेवण फारसं बदललं नव्हतं, म्हणजे ते पंधरा मिनिटांचं चालणं किती काम करत होतं ते आता कळतंय. सध्या जेवल्यावर खुर्चीत बसून बाटल्या उचलतो आणि एकेक पाय सरळ करून दहा मोजतो. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी परत बघू, ६.५ कडे सरकलं तर गोळी. या वेळी मी मान हलवली, घासाघीस केली नाही.

डोळ्यांची तपासणी झाली, पडदा स्वच्छ आहे. लघवीतलं अल्ब्युमिनही ठीक.

शंकासुर, कंबर किती?

शंकासुर:
९१. श्वास ओढला तर ८८.